कसबा

कसबा : बाजारपेठ असलेले आणि आसपासच्या खेड्यांच्या आर्थिक, प्रशासकीय व सांस्कृतिक व्यवहारांचे केंद्र असणारे लहान नगर. शब्द मूळचा अरबी असून फार्सी राज्यकारभाराबरोबर तो मराठीत आला व येथेच रुळला. कसब आणि कसबी या शब्दांशी त्याचे नाते जोडण्याची प्रवृत्ती जुनी आहे. तथापि ते शब्द अरबीतील वेगळ्या धातूपासून आलेले आहेत. चूक असली, तरी ती समजण्याजोगी आहे. तांबट, कासार, साळी, रंगारी, सोनार असे कसबी लोक एके जागी सापडण्याचे ठिकाण म्हणजे कसबाच होता.

मध्ययुगीन महाराष्ट्रातील कागदपत्रांत वस्तीच्या नावामागे ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ ही उपाधी लावण्याचा प्रघात होता. बाजारपेठ नसलेले, मुख्यत्वे शेतकऱ्यांचे गाव ते मौजे. पेठ असलेले व बहुधा परगण्याचे मुख्य ठिकाण असलेले गाव तो कसबा. लोकसंख्येचा आकडा या भेदाच्या मुळाशी नव्हता. एखादे मौजे शेजारच्या कसब्याहून मोठे असू शके. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात मौजे सुकेणे व कसबे सुकेणे ही गावे आजही याच नावांनी परस्परांजवळ नांदत आहेत. कसबा संगमेश्वर, कसबा बावडा, कसबे तडवळे या ग्रामनामांतही जुनी उपाधी टिकून राहिली आहे. पुण्यासारख्या महानगराचा सर्वांत जुना भाग कसबा पेठ या नावाने ओळखला जातो आणि कसबा गणपती हे त्या नगराचे ग्रामदैवत मानले जाते. पेशवेकाळात पुण्यास ज्या नव्या पेठा वसल्या, त्या या मूळ कसब्याभोवती.

कसब्यात दोन प्रकारचा कारभार एकत्र नांदे. परगण्याचे वतनदार म्हणून देशमुख व देशपांडे यांचे वाडे बहुधा तेथे असत. गाव या नात्याने त्यास पाटील व कुलकर्णी असतच; पण पेठेचा कारभार शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. व्यापारी व कारागीर यांना आणून वसविणे, त्यांचे आपसांतील तंटे तोडणे आणि पेठेची भरभराट राखणे ही शेट्यांची मुख्य कामे होत. त्याबद्दल त्यांना पेठेतील विक्रीमालातून शेव-फसकीसारखे किरकोळ हक्क मिळत. फसकी म्हणजे धान्याच्या राशीतून उचललेली मूठभर वस्तू. नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकारातून कौल दिला जाई. कौलात घर बांधण्यास जागा, ठरावीक वर्षे जकात व मोहतर्फा यांची माफी आणि पुढे बेताची वसुली, अशी आश्वासने असत. मोहतर्फा हा दुकानदार व कारागीर यांच्यावरील कर होय. येवला येथे रघोजी नाईकाने विणकर आणून वसविले, अशी परंपरा सांगितली जाते. पैठणीच्या विणकामासाठी ते गाव आजही प्रसिद्ध आहे. अशा उदाहरणांवरून कसबा हा आपोआप वाढलेल्या खेड्याहून वेगळा असून, त्यामागे बहुधा कोणीतरी जाणीवपूर्वक दिलेले वचन असे, हे लक्षात येते.

खेड्यातील अर्थव्यवहाराचे वर्णन त्रिं. ना. आत्रे यांनी गावगाडा (१९१५) या ग्रंथात केले आहे. तेथे बलुतेदाराला त्याच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे आणि तो गावाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला असे. कसब्यात बलुत्याबरोबर रोख व्यवहारही चाले. गावचा सुतार नांगर करून देई आणि त्याचे बलुते ठरलेले असे. कसब्यातील तांबट हंडा विकताना त्याचे मोल ठरवी. गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानी जाऊ शके. बलुत्याचा बंध आणि बाजाराची मोकळीक यांची ही सरमिसळ कसब्याच्या स्वभावाची गुरुकिल्ली आहे. खेड्याइतका तो बांधलेला नव्हता आणि शहराइतका अनोळखीही नव्हता.

कसब्याचे बाह्य रूपही याच सरमिसळीतून घडले. वेशीतून आत शिरताच मारुतीचे देऊळ, पुढे चावडी, पिंपळाचा किंवा वडाचा पार, मग दोन्ही बाजूंस दुकाने असलेला पेठेचा रस्ता आणि त्यातून फुटणाऱ्या आळ्या, अशी रचना देशावर व कोकणात थोड्याफार फरकाने आढळते. सुतार आळी, कासार आळी, ब्राह्मण आळी, मोमीनपुरा, बागवान गल्ली ही नावे कोण कोठे राहत होते ते सांगतात. पेठेतील घराचा पुढचा भाग दुकान व मागचा भाग राहते घर असे. सकाळी दुकानाच्या लाकडी फळ्या काढून बाजूस लावल्या, की घर उघडे. रात्री त्या बसविल्या, की दुकान बंद. फळ्यांपुढचा ओटा घराचा आणि रस्त्याचाही मानला जाई. गिऱ्हाईक तेथे टेके, वाटसरू सावलीला बसे, संध्याकाळी म्हातारी मंडळी जमत. कोकणात याच ओट्यावर कौलांची पागोळी पडे आणि पावसाळ्याचे चार महिने पेठेतील माणसे आडोशाआडोशाने ये-जा करीत. लहान गावांविषयी जो जिव्हाळा पुढे मराठी लेखनात व्यक्त झाला, त्याची चित्रे पुष्कळदा या ओट्यावरची आहेत. ते लेखन बहुतांशी मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्यांनी केले, हे मात्र विसरता येत नाही.

कसब्याचा खरा दिवस म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा. आसपासच्या बाजारांचे वार एकमेकांवर पडू नयेत, अशी व्यवस्था पूर्वापार असल्याने फिरत्या विक्रेत्याला एका कसब्यातून दुसऱ्यात असे आठवडाभराचे चक्र पुरे करता येई. ही व्यवस्था केवळ महाराष्ट्रापुरती नाही. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर क्रिस्टालर याने १९३३ मध्ये मांडलेल्या मध्यवर्ती स्थानांच्या सिद्धांतात आणि जी. विल्यम स्किनर याने १९६४-६५ मध्ये चीनच्या ग्रामीण बाजारांविषयी केलेल्या विवेचनात हेच सूत्र आढळते. एका बाजारात जितकी खेडी उतरतात, तितके शेतकऱ्याचे व्यावहारिक जग, असा स्किनरच्या प्रतिपादनाचा आशय आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट सहज पटण्यासारखी आहे. बाजाराच्या दिवशी तो धान्य, कोंबडी किंवा भाजी घेऊन येई व मीठ, मिरची, तेल, कापड घेऊन जाई. पण तेवढ्यावर त्याचे काम संपत नसे. कचेरीतील अर्ज, वैद्याचे औषध, कुऱ्हाडीला धार, भांड्यांना कल्हई, मुलीच्या सोयरिकीची चौकशी आणि पाहुण्यांची गाठ ही सर्व कामे त्याच दिवशी उरकली जात. दवंडी बाजारात पिटली, की ती संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत पोहोचे. दिवस मावळता बाजार उठे आणि कसबा पुन्हा आपल्या संथ चालीवर येई. या आलटून-पालटून येणाऱ्या गजबजीत आणि शांततेत त्याची मोहिनी साठवलेली आहे.

या चित्राची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. बाजारातील ओळख ही सावकाराचीही ओळख असे. पेरणीच्या वेळी घेतलेले धान्य व लग्नाच्या वेळी घेतलेले कापड वहीत मांडले जाई आणि ऋण फेडता फेडता जमीन गहाण पडे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे लुटली आणि कर्जाची कागदपत्रे जाळली. दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध असलेल्या उठावाची ती सुरुवात होय. सुपे हे बाजाराचे गाव होते आणि तो दिवस बाजाराचा होता. एरवी खेड्यापाड्यांत विखुरलेले ऋणको त्या दिवशीच एकत्र येत, हे ध्यानात घेतल्यास उठावाची जागा व वेळ यांचा उलगडा होतो. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे कसब्यातील स्थान वेशीबाहेरचे होते. त्यांचा बाजारात वावर असे, पण पाणवठ्यावर त्यांना जाता येत नसे. रायगड जिल्ह्यातील महाड हा असाच एक जुना बंदराचा कसबा. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याविषयीचा ठराव १९२३ मध्ये संमत झाल्यावर महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. परंतु ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. पुढे चाललेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. नगरपालिका, परिषदेसाठी जमण्यास सोयीचे ठिकाण, न्यायालय या कसब्यातीलच गोष्टी होत. ज्या जागेने बहिष्कार जपला, तिनेच त्याविरुद्धच्या लढ्याला व्यासपीठ दिले. कसब्याच्या गोडव्याचे वर्णन करताना हा इतिहास वगळल्यास ते वर्णन पेठेतील माडीवरून केलेले ठरते.

कोकणातील कसब्यांना देशावरील कसब्यांहून एक वेगळे अंग आहे. पनवेल, पेण, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही जुनी बाजारगावे पाहिली, तर बहुतेक खाडीच्या वरच्या टोकाशी, म्हणजे भरतीचे पाणी जेथवर गलबत नेऊ शके तेथे वसलेली दिसतात. तेथून पुढे घाटापर्यंत व घाटावर माल बैलांच्या पाठीवरून जाई. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. धान्य, गूळ, कापूस खाली येत. गलबत थांबते आणि बैल निघतो, त्या जागी पेठ, असा हा साधा हिशेब होय.

उत्तर कोकणातील कल्याण व भिवंडी ही जोडगावे याच प्रकारची. कल्याण उल्हास नदीच्या खाडीवर असून प्राचीन काळापासून बंदर म्हणून ख्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत तेथील व्यापाऱ्यांचे उल्लेख येतात. भिवंडी कामवारी नदीच्या काठी, कल्याणच्या वायव्येस सु. १० कि.मी.वर आहे. ‘कल्याण-भिवंडी’ असा जोडनामाने उल्लेख मराठी कागदपत्रांत वारंवार आढळतो. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली आणि मराठी आरमाराचा प्रारंभ बहुधा येथूनच मानला जातो. भिवंडीची वस्ती पूर्वीपासून संमिश्र आहे. खाडीच्या बाजूस कोकणी मुसलमान व्यापारी, पेठेत वाणी व कासार, ब्राह्मण आळी, शेजारचे निजामपूर आणि भोवतालच्या खेड्यांत आगरी, कोळी, कुणबी. डोंगराच्या बाजूस वारली, ठाकूर व कातकरी, अशी तिची घडण होती. भात व लाकूड हे येथील व्यापाराचे मुख्य जिन्नस. डोंगरातील आदिवासी मध, डिंक, मोहाची फुले, जळाऊ लाकूड व रानभाज्या घेऊन उतरत. खाडीकाठचे लोक मीठ व सुकट-बोंबील आणीत.

भिवंडीच्या परिसरातील खेडी या कसब्यावर अवलंबून असली, तरी इतिहासात ती मूक नव्हती. तालुक्यातील लोनाड येथे प्राचीन लेणे व शिवमंदिर असून त्याजवळच्या चौधरपाडा येथे शिलाहार राजा केशिदेव याचा तेराव्या शतकातील शिलालेख सापडला आहे. अंजूर येथील गंगाजी नाईक याने पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांकडे दीर्घकाळ खटपट केली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर स्वारी करून ठाणे घेतले व मे १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेत अंजूरकर नाईकांचा भाग महत्त्वाचा आहे. तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पाच्या या मोहिमेतील नवसाशी निगडित असून तेथील चैत्रातील यात्रा मोठी भरते. उत्तर कोकणचा प्रदेश १८१७ च्या पुणे तहान्वये इंग्रजांकडे गेला.

एकोणिसाव्या शतकातील लोहमार्गाने कसब्यांच्या नशिबाची नव्याने वाटणी केली. मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व पुढील वर्षी कल्याणपर्यंत गेला. बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये गाड्या धावू लागताच नाणेघाटासारख्या वाटांवरील बैलांचे तांडे हळूहळू थांबले. कल्याण जंक्शन झाले. तेथील सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील आहे, ही गोष्टही त्या काळातील चलनवलनाची साक्ष देते. नाणेघाटाच्या पायथ्याकडील मुरबाड लोहमार्गापासून दूर राहिले. तेथील आठवडे बाजाराचे व तालुक्यातील म्हसे येथे पौष महिन्यात भरणाऱ्या जनावरांच्या यात्रेचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. भिवंडीही मुख्य लोहमार्गाबाहेर राहिली. दिवा–वसई मार्गावर तिला स्थानक मिळाले, ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत.

भिवंडी मागे पडली नाही, ती विणकरांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मालेगाव व भिवंडी येथे स्थिरावले. हातमागांच्या जागी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून यंत्रमाग येऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले माग येथे स्वस्तात मिळत आणि राहत्या घराशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली बसविले जात. घर व दुकान एकत्र, या जुन्या कसब्याच्या रीतीचे हे यांत्रिक रूप म्हणता येईल. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर कापडाचे उत्पादन आणखी मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले. १९७१ मध्ये एक लक्षाहून कमी असलेली भिवंडीची लोकसंख्या २०११ मध्ये सु. ७ लक्ष झाली. पाणी, निचरा, घरे यांची व्यवस्था या वेगाने वाढली नाही.

त्याहून गंभीर हानी परस्परसंबंधांची झाली. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत भीषण जातीय दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोग नेमण्यात आला. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. जुन्या भिवंडीत भिन्न धर्मीयांचा रोजचा संबंध बाजारातून येत होता. नव्या भिवंडीत मालक, व्यापारी आणि परप्रांतांतून आलेला मागवाला यांच्या वस्त्या व वेळापत्रके निराळी झाली. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापण्यास आरंभ केला. प्रत्येक वस्तीतील दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांनी ठरावीक काळाने एकत्र बसून बोलावे, एवढीच त्यामागील कल्पना. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली आणि या प्रयोगाकडे देशाचे लक्ष गेले. कसब्यात ओटा व पार जे काम नकळत करीत होते, ते शहरात समिती नेमून करावे लागले, असे या घटनेचे वर्णन केल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

देशावरील व घाटमाथ्यावरील पुष्कळ कसब्यांचे रूपांतर सौम्य रीतीने झाले. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने रहिवाशांच्या अर्जावरून नगरपालिका स्थापन करण्याची सोय झाली आणि अनेक कसबे नगरपालिकांची गावे बनले. कचेरी, मुन्सफ न्यायालय, इंग्रजी शाळा, वाचनालय व छापखाना यांमुळे वकील, शिक्षक आणि कारकून यांचा एक नवा वर्ग तेथे निर्माण झाला. वाईसारख्या गावी प्राज्ञपाठशाळा व धर्मकोश यांसारखी दीर्घ पल्ल्याची विद्याकार्ये उभी राहिली, ती मोठ्या शहरांच्या आधारावाचून. जून १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेली सरकारी मोटारसेवा दशक-दोन दशकांत तालुक्या-तालुक्यांत पोहोचली आणि एस.टी. स्थानक ही कसब्याची नवी वेस ठरली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे तेथे उतरू लागले. पेठेतील चहाची दुकाने सरकत सरकत तेथे आली. पुढे कृषी उत्पन्न बाजार समित्यांनी धान्याचा घाऊक व्यापार पेठेबाहेरच्या आवारात नेला. तरीही आठवड्याचा बाजार चालूच राहिला. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींना नगरपंचायतींचा दर्जा देण्यात आला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ही त्यांपैकी होत. जव्हार व वाडा ही जुनी गावे १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात गेली.

कसब्याच्या या इतिहासात न बसणारी एक नवी वस्ती भिवंडीच्या दक्षिणेस पाहावयास मिळते. ठाण्याहून खाडी ओलांडून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे जाताना काशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. यांतील पूर्णा हे परभणी जिल्ह्यातील याच नावाच्या गावाहून वेगळे. परभणीतील पूर्णा नदीकाठी असून तेथे लोहमार्गांचा संगम झाल्याने एका गावाचे नगर कसे होते, त्याचे ते चांगले उदाहरण आहे. भिवंडीजवळील पूर्णेस स्वतःची पेठ असण्याची गरज पूर्वी नव्हती, कारण भिवंडीचा बाजार पायी जाऊन संध्याकाळपर्यंत परतण्याच्या अंतरावर होता. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी हे या पट्ट्यातील जीवनाचे जुने आधार. जुन्या परिभाषेत ही सर्व मौजे होत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या गावांत गुदामे उभी राहू लागली. कारणे स्पष्ट होती. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल आणताच जकात द्यावी लागे. ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती. जमीन तुलनेने स्वस्त, न्हावाशेवा बंदर आणि नाशिक व गुजरातकडील रस्ते सोयीच्या अंतरावर, आणि मुंबईची बाजारपेठ खाडीपलीकडे. त्यामुळे आयात-निर्यातीचा, औषधांचा, विजेच्या उपकरणांचा व पुढे घरपोच विक्रीचा माल येथे साठविला जाऊ लागला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईतील जकात संपली, तरी गुदामे गेली नाहीत. राज्याराज्यांत स्वतंत्र साठे ठेवण्याचे कारण उरले नाही, म्हणून अनेक ठिकाणचा माल एकत्र ठेवणारी अधिक मोठी गुदामे बांधली गेली. भातखाचरे भरावाखाली गेली. ज्यांच्या जमिनी रस्त्यालगत होत्या त्यांना भाड्याचे व वाहतुकीचे उत्पन्न मिळाले. ज्यांच्या नव्हत्या त्यांना हमालीचे, पहाऱ्याचे किंवा कसलेच नाही.

नाव कसब्याचे नसले, तरी मालाच्या राशीने मोजावयाचे झाल्यास हा पट्टा महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेहून मोठा आहे. फरक असा की, तेथे विक्रेता व ग्राहक यांची गाठ पडत नाही. माल रात्री येतो, क्रमांकाने ओळखला जातो आणि क्रमांकानेच जातो. तो चढविणारा कामगार दूरच्या राज्यातील, विकणारा आणखी कोठला, विकत घेणारा तिसऱ्याच गावचा. ओट्याची जागा माल उतरविण्याच्या उंच धक्क्याने घेतली आहे आणि तेथे टेकण्याची कोणास मुभा नसते. शेटे-महाजनांच्या काळी पेठ वसविताना माणसे आणून वसविणे हे पहिले काम होते. येथे आधी छपरे उभी राहिली व माणसांच्या राहण्याची सोय नंतर, जमेल तशी झाली.

प्रशासनाच्या दृष्टीने अशा वस्त्यांची गणना अवघड ठरते. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौ.किमी.स किमान ४०० घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायांत, या तीन कसोट्यांना उतरणाऱ्या गावास भारतीय जनगणनेत नगर मानण्यात येते, मग त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे का असेना. अशा जनगणना-नगरांची देशातील संख्या २००१ मधील सु. १,३६० वरून २०११ मध्ये सु. ३,८९० वर गेली. भिवंडी तालुक्यातही या प्रकारची गावे आहेत. कर नगराच्या मानाने कमी, निधी खेड्याचा आणि वाहतूक महामार्गाची, असा हा विसंवाद आहे. २००७ मध्ये भिवंडी परिसरातील गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. तोवर पुष्कळ गुदामे बांधून झाली होती.

मालाच्या वाहतुकीने भरलेल्या या रस्त्यावर माणसांच्या ये-जा करण्याची सोय ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो मार्गाने व्हावी, अशी योजना असून तिची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तिच्या आराखड्यात काशेळी, काल्हेर, पूर्णा व अंजूरफाटा यांना स्थानके दिलेली आहेत. पहिल्या लोहमार्गाने ज्या भिवंडीस बाजूस ठेवले होते, तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरील एका मौजेस अशा रीतीने स्थानकाचे गाव होण्याचा योग आला आहे. तेथे उतरणाऱ्या माणसांसाठी चौक, बाजाराचा ओटा किंवा बसण्याचा पार यांची जागा राखावयाची की नाही, हा प्रश्न जमिनीच्या आजच्या भावात सोडविणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे.